शनिवारचं दळण

“ही आपली गिरणी नाही,” शर्वरी म्हणाली आणि गिरणीच्या पायरीवर फतकल मारून बसली. तिचं बघून निनादही बसला.

गव्हाचा डबा माझ्या खांद्यावर होता. गिरणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भानुदास गिरणीवाला डबा घ्यायला हात पुढे करून उभा होता.

“पीठ सगळीकडचं सारखंच असतं,” मी म्हणालो. “इथं दळू, घरी जाऊ, मग मी तुम्हाला पेरू घेऊन देतो.”

“आई इथं कधीच दळत नाही.”

“कदीच दलत नाही,” निनाद म्हणाला. तो तेव्हा तीन वर्षांचा होता आणि बहिणीचं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणणं हेच त्याचं बोलणं होतं.

भानुदासनं पुढे केलेला हात मागं घेतला. “खरंय पोरीचं,” तो म्हणाला. “तुमच्या घरचं दळण माझ्याकडं येतच नाही. पहिल्यांदा एकदोनदा आलं, मग बंद. माझं काही चुकलं असंल तर वहिनींना विचारा एकदा.”

मी बियाण्यांच्या कंपनीत होतो. आठवड्यातले बरेचसे दिवस फिरतीवर, घरी आलो की झोप काढायची. कराडला बदली होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण माझ्या ओळखीचं कराड म्हणजे एसटी स्टँड आणि शेती दुकानं. वैजयंती त्या दिवशी साताऱ्याला गेली होती, एका शाळेत मुलाखत होती तिची. जाताना पायांत चपला सरकवत एवढंच म्हणाली होती, “पीठ अगदी संपलंय. गहू निवडून ठेवलाय. गिरणी मुलांना ठाऊक आहे.” समोर गिरणी असताना ती मुलांना ठाऊक असण्यात एवढं काय, असं तेव्हा वाटून गेलं होतं.

“मग आपली गिरणी कुठंय?” मी विचारलं.

“तिकडं,” शर्वरीनं बाजाराच्या दिशेनं हात केला.

मी मोटारसायकल काढतो म्हणालो, तर तेही चालेना. आई चालतच नेते. गाडीवर गेलं तर मधलं सगळं चुकतं. मधलं सगळं म्हणजे काय, ते विचारायच्या आत दोघं निघालीसुद्धा. मी डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मागं चालू लागलो.

दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. पेठेच्या तोंडाशी एक गिरणी लागली. मी थांबलो. पोरं थांबली नाहीत. पुढं मंडईच्या मागं आणखी एक, चांगली मोठी, विजेवर मसालाही कांडून देणारी. तिथंही नाही. उलट शर्वरी मागं वळून म्हणाली, “बाबा, तुम्हाला प्रत्येक गिरणी आपलीच वाटते का?”

एका बोळात बुचाचं झाड होतं. खाली पांढऱ्या फुलांचा सडा. दोघांनी उकिडवं बसून फुलं वेचली, देठ तोंडात धरून पिपाण्या वाजवल्या, मग एक फूल मला दिलं. मी फुंकलं तर नुसती हवा. निनाद पोट धरून हसला. त्याला एवढं हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो. पुढच्या वळणावर एक बाई शेळीला पाला घालत होती. पोरांना पाहून तिनं न विचारता दोघांच्या हातात एकेक डहाळी दिली.

“आज आई न्हाई व्हय?”

“आज बाबा आहेत,” शर्वरी म्हणाली.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हे व्हय बाबा,” ती म्हणाली. म्हणण्यात असं काहीतरी होतं की जणू माझ्याबद्दल बरंच बोलून झालं होतं आणि आता फक्त तोंड बघायचं राहिलं होतं. “जा, जा. वाट बघत आसंल म्हातारी.”

कोण म्हातारी, म्हणून मी विचारलं. बाई शेळीकडं वळली. शेळीचा कान धरून उभ्या असलेल्या निनादला ओढून घ्यावं लागलं.

तिथून पुढं माझं डोकं चालेनासं झालं. माझी दोन मुलं या गावात ठिकठिकाणी ओळखीची होती. एका दुकानदारानं निनादला नावानं हाक मारली. रस्त्याखालच्या एका मोरीपाशी वाकून दोघांनी आत तोंड घालून “ओ” केलं आणि आतून परत येणाऱ्या “ओ”ची वाट पाहिली, मलाही करायला लावलं. दर शनिवारी वैजयंती एवढं ओझं घेऊन, तीन गिरण्या ओलांडून, दोन मुलांना चालवत इतक्या लांब का जात असावी? बरं, माझ्याशी ती या वाटेबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. शनिवारी रात्री मी घरी आलो की पोळ्या ताटात असायच्या. कुठल्या गिरणीच्या पिठाच्या, असं कोण विचारतं?

नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराची, बाहेरून पाटीसुद्धा नसलेली एक गिरणी होती. आत दोनतीन गिऱ्हाईकं. पट्टा फटफट करत फिरत होता. गिरणीपाशी एक म्हातारी बाई उभी होती. केस, भुवया, पापण्या, हात, लुगडं, सगळ्यावर पीठ बसलेलं. डोळे तेवढे काळे.

“आजी,” म्हणून निनाद पळत सुटला आणि तिच्या पायांना जाऊन चिकटला. तीही लगेच खाली वाकली. मग तिची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली.

ती तशीच वाकून राहिली. मागं गिरणी चालू होती, कापडी तोंडातून पीठ पडत होतं, डबा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. “मावशी, सांडतंय,” एक गिऱ्हाईक ओरडलं. तेव्हा तिनं हात लांब करून बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत मंद झाला आणि एकदम सगळं शांत झालं.

“माझं निम्मं राहिलंय की आत,” गिऱ्हाईक म्हणालं.

“वीज गेली समज,” ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, “तुम्ही पोरांचे वडील?”

“हो. आज त्यांची आई गावात नाही. दळण टाकायचं होतं.”

“बसा की,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. गिरणीच्या मागं तिची राहायची खोली होती. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

गिऱ्हाईकं माझ्याकडं पाहत होती. मी पोत्यावर टेकलो. शर्वरीनं कोपऱ्यातलं एक बुटकं स्टूल ओढलं, ते तिचंच असल्यासारखं. “आता आजी गूळ आणेल,” ती मला समजावून सांगू लागली. “पण आधी पूर्ण नाव सांगावं लागतं. मी सांगितलं की मला. निन्या सांगतो की त्याला. त्याचं चुकतं, तरी देते.”

म्हातारी बाहेर आली ती तोंड धुऊन. पिठाखालून एक सावळा, बारीक चेहरा वर आला होता. कपाळावर कुंकू नव्हतं. पदरानं तोंड पुसत ती समोर उभी राहिली. मला वाटलं, ही माझ्या ओळखीची आहे. मग वाटलं, नाही, हिला मी कधीच पाहिलेलं नाही. एखाद्या शिवारात भेटलेली असेल, एखाद्या शेतकऱ्याची आई असेल. मी आठवत राहिलो.

तिच्या हातात गुळाचे खडे होते.

“शर्वरी मुकुंद वाघचवरे,” शर्वरीनं हात पुढे केला.

“निनाद मुतुंद वागतवले.”

दोघांना गूळ मिळाला. “आता बाबा,” शर्वरी म्हणाली. “बाबांना पण.”

“अगं, मला कशाला?”

“नियम आहे.”

म्हातारीची मूठ मिटलेलीच होती. पोरीचं मन राखायला म्हणून मी म्हणालो, “मुकुंद शंकर वाघचवरे.”

तिनं मूठ उघडली आणि माझ्या तळहातावर गूळ ठेवला.

“आता आजी,” शर्वरी म्हणाली. “तू कधीच सांगत नाहीस. आज सगळ्यांनी सांगितलं.”

“माझं नुसतंच सिंधू.”

“नुसतं नसतं नाव. आमच्या बाई म्हणतात, पूर्ण सांगायचं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

“सिंधू शंकर वाघचवरे,” ती म्हणाली. “बार्शी. पूर्वीचं आहे ते.”

शर्वरीला मोठी गंमत वाटली. “आमचंच नाव,” ती म्हणाली. “बाबा, आजीचं आमचंच नाव आहे.”

मी उभा राहिलो होतो. कधी उभा राहिलो ते कळलं नाही. हातातला गूळ चिकट झाला होता. आमच्या बार्शीच्या घरात माझ्या आईचा एकही फोटो नव्हता. मी पहिलीत होतो तेव्हा ती माहेरी म्हणून गेली आणि परत आली नाही. पुढं वडिलांनी तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही. मला आत्यानं वाढवलं. शाळेत कुणी विचारलं की मी आई वारली म्हणून सांगायचो, आणि इतकी वर्षं सांगितल्यावर मलाही ते खरंच वाटू लागलं होतं. वैजयंतीला लग्नाच्या वेळी खरं सांगितलं होतं, पण एकदाच. वडील जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

“चला,” मी मुलांना म्हणालो.

“पीठ कुठं झालंय?” शर्वरी म्हणाली.

“राहू दे पीठ.”

“रात्री पोळ्या कशाच्या?”

ते तिचं अगदी खरं होतं. निनादनं तर माझा डबा उघडून गव्हात कोपरापर्यंत हात घातला होता. मी त्याचा हात धरला, त्यानं भोकाड पसरलं. गिऱ्हाईकांपैकी एकजण उठला, “आम्ही मागनं येतो, मावशी,” म्हणाला, आणि बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावून घेऊन गेला. मला फार लाज वाटली. कशाची, ते आजही सांगता येत नाही.

“दळून देते,” ती म्हणाली. “मग जा. मी अडवणार नाही.”

तिनं आतलं उरलेलं दळण काढलं, आमचा गहू वरच्या पेटीत ओतला, बटण दाबलं. पुन्हा खडखडाट सुरू झाला. मुलं धावत कापडी तोंडापाशी गेली आणि पडणाऱ्या पिठाखाली दोघांनी तळवे धरले. पीठ गरम असतं, हे मला ठाऊक नव्हतं. शर्वरीनं ओढून माझाही हात तिथं धरला.

त्या आवाजात मुलांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं.

“वैजयंतीला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“गेल्या सालच्या पावसाळ्यापासनं. तुमच्या तिकडची गिरणी बंद होती, म्हणून आली. पोरीला मी नाव विचारलं.” ती थांबली. “तिला मीच म्हटलं, सांगू नकोस त्याला. तिला ते पटत नव्हतं.”

“का गेलात?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कितीतरी प्रकारे मनात विचारला होता. प्रत्यक्षात तो दोन शब्दांत विचारून झाला आणि एखाद्या परक्या बाईला विचारावा तसा.

तिनं पिठाचा डबा हलवून नीट बसवला. “तुझ्या वडलांनी कधी हात उगारला नाही,” ती म्हणाली. “उपाशी ठेवलं नाही. सगळे तेच विचारायचे, मग काय झालं? ते माझ्याशी बोलायचे नाहीत. भांडण नाही, राग नाही, बोलायचेच नाहीत. चहा ठेवला की पेला उचलायचे. वर्षानुवर्षं. मला वाटायला लागलं, मी आहे का नाही इथं. आता हे सांगून कुणाला पटतंय?”

“मला पटत नाही.”

“नको पटू दे.”

“आणि मी? मी बोलायचो की तुमच्याशी.”

तिनं कापडी तोंडावरचं पीठ हातानं झटकलं.

“तुला न्यायला आले होते,” ती म्हणाली. “एकदाच आले. दार लागलेलं होतं, आत माणसं होती. परत यायला पाहिजे होतं. नाही आले. भाऊ म्हणाला, पोर तिथं नीट आहे, तू तुझं बघ. मी इकडं आले, ह्या गिरणीवर कामाला लागले, मालकिणीनं पुढं माझ्याच नावावर केली. तू विचारशील तर मला नीट सांगता यायचं नाही. मी बसून विचार केला की मलाच कधी एक वाटतं, कधी दुसरं.”

मी तिच्याकडं पाहत होतो आणि राग शोधत होतो. तो होता. पण त्याला धरायला गेलं की हातात भलतंच काही यायचं, वडिलांचं जेवताना खाली गेलेलं डोकं, आमच्या घरात दुपारी असायची ती शांतता. मीही त्या घरात मोठा झालो होतो. ते बोलत नव्हते, हे काही ती मला नवीन सांगत नव्हती.

दळण झालं. मी डबा उचलायला वाकलो तर शर्वरी म्हणाली, “आणि मलिदा?”

“दर शनिवारी करते त्यांना,” ती पुटपुटली. “ताज्या पिठाचा. आज नको असेल तर…”

निनाद तोवर आतल्या खोलीत जाऊन ताटलीपाशी मांडी घालून बसला होता.

मी म्हणालो, “करा.”

तिनं आमच्याच पिठातलं मूठमूठ घेऊन कणीक मळली, जाड पोळ्या भाजल्या, गरम असतानाच हातानं कुस्करल्या, गूळ आणि तूप घालून एकजीव केलं. चटका बसला की ती बोटं कानाच्या पाळीला लावायची. चार ताटल्या मांडल्या. मी एका ताटलीसमोर बसलो. चव ओळखीची निघेल की काय म्हणून मला भीती वाटत होती. ओळखीची निघाली नाही. चांगला लागला एवढंच. मी दुसऱ्यांदा घेतला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून तुपाचं भांडं पुसत बसली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. सगळं सुरळीत झालं असं नाही. मी तिला घरी चला म्हणालो ते फार उशिरा, आणि ती आली नाही. गिरणी सोडून मला करमणार नाही, म्हणाली. मी तिला ‘तुम्ही’च म्हणत राहिलो. एकदा दवाखान्यात, तिच्या अखेरच्या आजारात, तोंडातून ‘तू’ निघून गेलं, तर आम्ही दोघंही दुसरीकडं पाहू लागलो. वैजयंतीला मी पुष्कळदा विचारलं की त्या दिवशी मला मुद्दाम पाठवलंस का. मुलाखत होती हे खरं, पण दळण रविवारवर टाकता आलं असतं. ती प्रत्येक वेळी एकच सांगते, “पीठ संपलं होतं हो.” आता शर्वरीलाही मूल आहे, आणि तिला त्या दिवसातली फक्त शेळी आठवते.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मलिदा खाऊन निनाद तिथंच जमिनीवर कलंडला. शर्वरी त्याच्याशेजारी आडवी झाली आणि गोष्ट सांग म्हणत म्हणत झोपली. म्हातारीनं दोघांच्या अंगावर एक जुनं मऊ लुगडं पांघरलं. एवढी दोन झोपलेली पोरं आणि भरलेला डबा एकट्यानं घेऊन जाणं शक्य नव्हतं. मी भिंतीला टेकून बसून राहिलो. तीही बोलेना, मीही बोलेना. पण ती तांदूळ निवडत होती आणि मधूनच माझ्याकडं पाहत होती, आणि मी ते पाहू देत होतो. केव्हातरी माझीही पाठ जमिनीला लागली. पहाटे उठून सगळं आवरलेलं, खांद्यावर डबा वाहिलेला. डोळे मिटले.

जाग आली ती बाहेर चपला वाजल्यानं. वैजयंती. घराला कुलूप बघून ती सरळ इकडंच आली असावी. ती दारात थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, घाईघाईनं चालत आल्यासारखा.

“आलेत?” तिनं हलक्या आवाजात विचारलं. “काही बोलले का? रागावले का?”

मग कुणीतरी माझ्या पायांवर काहीतरी पांघरलं, आणि ते टोकापर्यंत नीट खाली ओढून घेतलं.

“हळू बोल,” म्हातारी म्हणाली. “तिन्ही पोरं झोपलीत.”

मी जागा होतो. डोळे उघडावेत की नाहीत, मला ठरवता येईना. मी ते मिटलेलेच ठेवले.